सात नंबरची बाटली

पुणे
४ डिसेंबर १९९४

तीर्थरूप आबा,
सप्रेम जयभीम.

मच्छिंद्रभाऊंचा पेरूचा टेम्पो गेल्या महिन्यात मार्केट यार्डात आला आणि थर्मास माझ्या हातात पडला. बर्फ पुरता वितळलेला नव्हता. "ताई, आबा म्हनले औषध हाय. पन औषधाला असला वास?" मच्छिंद्रभाऊंनी विचारलं. मी खरं सांगितलं, वानरांच्या लेंड्या आहेत म्हणून. त्यांनी हात पँटला पुसले आणि म्हणाले, "पोरी शिकल्या की काय काय कराया लागतं." आबा, पुढच्या वेळी तुम्हीच त्यांना नीट समजावा.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही टोळ्यांच्या लेंड्यांमध्ये केवढा फरक निघाला! नदीच्या मळईतली टोळी लिंबाचा, उंबराचा पाला खाते. वानराच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, आणि पाला खरं तर त्या कप्प्यांतले बारीक जीव पचवतात, वानर नुसतं चावतं. घाटावरच्या टोळीला लोक पेढे, केळी, गूळ-शेंगदाणे घालतात. त्यांच्या पोटातले पाला पचवणारे जीव निम्म्याच्या खाली आले आहेत. एकाच गावची, एकाच रक्ताची वानरं. फरक फक्त खाण्याचा आणि राहण्याचा.

आता माझ्या गाईड मॅडम म्हणतात की हेच माणसांमध्ये पाहायचं. गावात राहून भाकरी, माठ, तांदुळजा खाणारी वीस माणसं, आणि गाव सोडून पुण्यात मेसचं, पाव-बिस्किटांचं खाणारी वीस. पुण्यातली मी जमवते. गावातली तुम्ही जमवाल का? लाज वाटण्यासारखंच काम आहे, मला कळतं. बाटलीवर फक्त नंबर घालायचा. नावं तुमच्या वहीत राहू द्या, मलाही कळवू नका. तसा नियमच आहे.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची
यशोधरा


पुणतांबा
१५ डिसेंबर १९९४

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

बाटल्या वीसच्या वीस भरल्या. आज मच्छिंद्रबरोबर पाठवत आहे. त्याला यावेळी सगळं समजावलं. तो म्हणाला, "आबा, वानराचं परवडलं हुतं."

तीस वर्षं पाटकरी म्हणून कालव्यावर काढली, दारोदार पाण्याच्या पाळ्या सांगत फिरलो, पण असल्या कामाला कोणाचं दार वाजवीन असं वाटलं नव्हतं. पहिले तीन-चार दिवस लोकांनी चेष्टाच केली. छबूबाई तर म्हणाली, "उत्तमराव रिटायर झालं आन बिघाडलं." मग मी समाजमंदिरात सगळ्यांना बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. वानराच्या पोटात गाईचे कप्पे, हे ऐकून म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकून बसली. दुसऱ्या दिवशी पाच बाटल्या आल्या.

बायका काही तयार होत नव्हत्या. तुझ्या आईने घाटावर धुणं धुताना विषय काढला. त्यात एक बाई चटकन म्हणाली, "आपल्या यशूला पायजे ना? मंग आन ती बाटली हिकडं. लाज कशाची, पोटात काय सोनं हाय का?" ती पुढे झाली म्हणून बाकीच्या झाल्या. फक्त एवढंच म्हणाली की माझ्या घरात कळू देऊ नका. नियमाप्रमाणे नाव लिहीत नाही.

थंडी खूप आहे. स्वेटर घालत जा.

तुझे
आबा


पुणे
२६ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप आबा,
सप्रेम जयभीम.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. दोन महिने मी प्रयोगशाळेतून फक्त झोपायला बाहेर पडले. हे जीव असे आहेत की हवा लागली की मरतात. बंद बरण्यांत, हवा काढून घेऊन वाढवावे लागतात. एक बरणी गळकी निघाली की आठवडा वाया.

पण आबा, निकाल आला आणि मी आनंदाने रडले! जे वानरांचं तेच माणसांचं. आपल्या गावच्या लोकांच्या पोटात जीवांच्या जेवढ्या जाती आहेत, त्याच्या निम्म्याही पुण्यात दहा वर्षं राहिलेल्यांच्या पोटात नाहीत. मी स्वतःचंही तपासलं. मी आता पुण्याची झाले आहे, आबा. आतून. सहा वर्षांच्या मेसने मला घाटावरचं वानर करून टाकलं. हसू नका.

मॅडम खूश आहेत. जुलैत मला बंगळूरला निबंध वाचायचा आहे.

जागा संपत आली. हो, एक सांगायचं राहिलं. सात नंबरच्या बाटलीत रक्ताचा अंश होता. डोळ्यांना दिसणार नाही एवढाच, पण होता. त्या माणसाला एकदा डॉक्टरला दाखवायला सांगा.

आईला नमस्कार.

तुमची
यशोधरा


पुणतांबा
१२ मार्च १९९५

चि. यशोधरा हिस,
आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. निकाल वाचून ऊर भरून आला. तुझी आई सगळ्या आळीत सांगत फिरली.

सात नंबरला निरोप दिला. ती म्हणाली, मूळव्याध आहे, वर्षभर असंच चाललंय, उन्हाळ्यात वाढतं. ताक पिते म्हणाली.

घाटावर यात्रा झाली. दुसऱ्या दिवशी वानराचं एक पिल्लू पोट फुगून मेलं. लोकांनी लाडू चारले होते. त्याची आई दोन दिवस ते छातीशी धरून फिरत होती. कोणी जवळ गेलं की दात दाखवायची. तू गोडाचं लिहिलं होतंस, त्यानेच त्याच्या पोटात आंबलं असेल का, ते कळव.

तुझे
आबा


पुणे
२० मार्च १९९५

तीर्थरूप आबा,
जयभीम.

होय, तसंच झालं असणार. एकदम गोड पडलं की कप्प्यातले जीव आंबवून आंबवून आम्ल करतात आणि पाला पचवणारे मरतात.

पण आबा, तुम्ही पिल्लाचं एवढं सविस्तर लिहिलं आणि सात नंबरचं दोन ओळींत संपवलं. तुम्ही "ती" लिहिलं आहे. वर्षभर रक्त जातंय, ताक पिते, घरात कळू देत नाही. ही आई आहे का? मला खरं सांगा. आई दुखणं लपवते, हे मला माहीत आहे. आई असेल तर वाट पाहू नका, पहिल्या गाडीने तिला पुण्याला घेऊन या. मूळव्याध असेलही, पण ती नुसती म्हणते म्हणून मूळव्याध होत नाही. आत नळी घालून बघावं लागतं.

नियम राहू दे. नाव कळवा. ताबडतोब.

यशोधरा


पुणतांबा
२ एप्रिल १९९५

चि. यशोधरा,
जयभीम.

घाबरू नकोस, तुझी आई ठणठणीत आहे. सात नंबर म्हणजे चांगुणाबाई. कारभारींची चांगुणा. घाटावर पहिल्यांदा बाटली मागून घेणारी तीच.

तुझ्या आईने तिला एक मार्चलाच सांगितलं होतं. ती हसली. वर तुझ्या आईला शपथ घातली, "गीता, तुला शेवगावच्या मातीची आन हाय, ह्यांच्या कानावर घालू नको. तुमच्या घरी बाटली दिली म्हनल्यावर मला जित्ती ठिवायचे न्हाईत." दोघी एका गावच्या माहेरवाशिणी. शपथ मोडायची कशी, म्हणून तुझी आई रडत बसली. आणि नवऱ्याने नेल्याशिवाय ती बाई नगरला जाणार कशी?

राहिलो मी. तुला माहीत आहे, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारभारींनी पाळी नसताना रात्रीतून कालव्याच्या चारीचं दार उचललं, आणि मी रिपोर्ट केला. त्यानंतर चारचौघांत कालव्यावर ते मला जे बोलले ते मी तुला कधी सांगितलं नाही, आजही लिहीत नाही. सात वर्षं आम्ही एकमेकांकडे पाहिलेलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज जायचं. त्यांच्या बांधापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. असा महिना गेला. तुझ्या पत्राने लाज वाटली. काल गेलो.

ते पेरूच्या बागेत आळी करत होते. मी बांधावर उभा राहूनच म्हणालो, "कारभारी, दोन शब्द बोलायचेत. चांगुणाबाईंच्या तब्येतीचं हाय."

ते मान वर न करता म्हणाले, "माज्या बायकोची तब्येत तुला कुनी सांगितली?"

मी सगळं सांगितलं. बाटली, रक्त, तुझं पत्र. ते खोऱ्यावर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माज्या घरच्या बाईचं पोट तुज्या पोरीनं पुन्यात नेऊन चार लोकांत उघडं केलं."

"तिला दवाखान्यात न्या, कारभारी. मला काय बोलायचं ते मग बोला."

"पान्याचा रिपोर्ट केला तवा बी असंच हुतं तुजं. कायद्याचं. जा. माज्या बांधावरून खाली उतर आदी."

मी उतरलो. संध्याकाळी त्यांच्या घरातून आवाज आला, असं छबूबाई म्हणाली. आज चांगुणाबाई घाटावर आली नाही.

यशोधरा, मी चुकलो का? जायला नको होतं, की आधीच जायला हवं होतं, हेच मला कळेना.

तुझे
आबा


पुणे
९ एप्रिल १९९५

तीर्थरूप आबा,

चांगुणामावशी. मी तुमचं पत्र जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले.

दहावीला असताना मला कावीळ झाली, तेव्हा रोज मागच्या दाराने उसाचा रस आणणारी मावशी. तुमचं आणि काकांचं बोलणं बंद असतानाही आणत होती. "रसाला काय भांडान ठावं हाय?" म्हणायची.

तुम्ही चुकला नाहीत. चूक कोणाची ते मला ठाऊक आहे, पण ते पत्रात लिहिण्याचं धैर्य आज नाही. भेटल्यावर सांगेन. तोवर एवढं करा, आईला परत मावशीकडे पाठवा. काका नेत नसतील तर मी येते आणि नेते. तपासणीची सगळी सोय इथे मी करेन. फक्त तिने हो म्हणावं.

तुमची
यशोधरा


पुणतांबा
२८ मे १९९५

चि. यशोधरा,
जयभीम.

मागचे दीड महिने कारभारींनी तुझ्या आईला त्या घरात पाऊल टाकू दिलं नाही. दोनदा दारातून परत आली. तुझा निरोप चांगुणाबाईला पोचलाच नाही.

वीस तारखेला भर उन्हात कांद्याच्या काकरीत ती पडली. कारभारींनी बैलगाडीतून स्टेशनपर्यंत आणि तिथून जीपने नगरला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. आतड्यात गाठ आहे आणि लिव्हरपर्यंत पसरली आहे. घरी न्या म्हणाले.

काल कारभारी आमच्या दारात आले. आत आले नाहीत. तुझ्या आईला म्हणाले, "गीताबाई, ती तुमचं नाव घेती." एवढंच बोलून निघाले. तुझी आई तशीच अंगावरच्या लुगड्याने मागे गेली. आता दिवसभर तिथेच असते. चांगुणाबाईला भाकरी जात नाही, पेज चमच्याने द्यावी लागते.

तुला जमत असेल तर येऊन जा. ती विचारते.

तुझे
आबा


पुणे
१८ जून १९९५

तीर्थरूप आबा,

सुखरूप पोचले. मावशीचा हात किती हलका झाला आहे, तो अजून माझ्या हातात असल्यासारखा वाटतो.

तुम्ही स्टेशनवर विचारलंत, खोलीत आम्ही दोघीच असताना ती काय बोलली. मी काही नाही म्हणाले. बोलली होती. पण ते मला अजून कोणाला सांगता येत नाही.

बंगळूरला जाणार नाही असं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, विचार कर. विचार केला. जाणार नाही.

यशोधरा


पुणतांबा
२० ऑगस्ट १९९५

चि. यशोधरा,
जयभीम.

चांगुणाबाई सहा तारखेला सकाळी गेली, हे तुला तारेने कळलंच. शेवटी दुखणं फार होतं. तुझी आई उशाशी होती. पाणी तिनेच पाजलं. त्या घरातल्या कोणी काही म्हटलं नाही.

काल, चौदाव्या दिवशी, कारभारी आले. या खेपेला आत आले, खाली सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "उत्तमराव, एकच इचारतो. आदी कळलं असतं तं वाचली असती का?"

मी म्हणालो, "मला काय समजतंय त्यातलं?"

"तुला न्हाई समजत. तुज्या पोरीला समजतं. तिला लिहायला सांग. पन माजं मन राखायला लिहू नको म्हनावं. डाक्टर लोक मन राखून बोलतात. खरं काय ते लिहाया सांग."

यशोधरा, एक मार्चपासून एक एप्रिलपर्यंत मी बांधावरून परत फिरत होतो. हे मी त्यांना काल सांगितलं. ते ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. तू काय लिहायचं ते तूच ठरव. माझी भीड धरू नकोस.

तुझे
आबा


पुणे
३० ऑगस्ट १९९५

आदरणीय कारभारीकाका,
यशोधराचा नमस्कार.

तुम्ही खरं लिहायला सांगितलं आहे, म्हणून आबांच्या पत्रात न घालता तुम्हालाच लिहिते आहे. हे आबांनाही माहीत नाही.

मावशीच्या बाटलीत रक्त आहे हे मला फेब्रुवारीत कळलं नव्हतं. सतरा डिसेंबरला कळलं होतं. बाटल्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आजारी माणसाचा नमुना आमच्या अभ्यासात धरत नाहीत, म्हणून आधी रक्ताची तपासणी करतात. सात नंबरला रक्त निघालं. मी रजिस्टरमध्ये त्यापुढे लाल पेनने "वगळा" असं लिहिलं आणि आठव्या बाटलीकडे वळले. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच की वीसची एकोणीस झाली. बाटलीमागे माणूस आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यानंतर दहा आठवड्यांनी, पत्र संपताना जागा उरली म्हणून, मी ते आबांना लिहिलं.

आता तुमचा प्रश्न. मी इथल्या दोन सर्जनना नगरचे कागद दाखवले. दोघांचं म्हणणं एकच, गाठ दोन-तीन वर्षांची होती. डिसेंबरात कळलं असतं तर कदाचित गाठ काढता आली असती. कदाचित वर्ष-दोन वर्षं मिळाली असती, कदाचित जास्त. कदाचित तेव्हाही उशीरच झाला असता. "नाही, वाचली नसती" असं मी लिहू शकत नाही, काका. "हो" असंही लिहू शकत नाही. जे हातचे दिवस गेले, त्यातले पहिले माझे होते.

आणखी एक. जूनमध्ये मी आले तेव्हा मावशीने मला जवळ बोलावून विचारलं, "यशे, माजं पोट आलं का गं तुज्या कामाला?" मी म्हणाले, "हो मावशी, सगळ्यांत जास्त तुझंच आलं." ती हसली. ते खोटं होतं.

तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही.

यशोधरा


पुणतांबा
८ सप्टेंबर १९९५

चि. यशोधरा,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने कारभारींना दिलं आणि ते तसंच, न फोडता घेऊन माझ्याकडे आले. "तूच वाच" म्हणाले. मी वाचू लागलो. रजिस्टरच्या ओळीशी आलो आणि ती ओळ दोनदा वाचली. पुढचं तुझ्या आईला पाणी आणायला सांगून, थांबून थांबून वाचलं.

पोरी, एवढं एकटीने पाच महिने बाळगलंस?

वाचून झाल्यावर कारभारी रागावतील असं मला वाटलं होतं. ते बाहेर पाहत बसले होते. मग म्हणाले, "तिला एक एप्रिललाच इचारलं हुतं मी. रगत जातं का? ती व्हय म्हनली. मी काय बोललो म्हाईत हाय? बाटली कुनाला इचारून दिली, ह्येच बोलत राहिलो. दीड म्हैना अबोला धरला. ती पडली तवा बोललो."

मला त्यांच्याकडे पाहवेना.

उठताना म्हणाले, "पोरीला लिही. ती खोटं बोलली ते बरं केलं. तेवढं एक बरं झालं." दारापर्यंत गेले आणि थांबले. "आन एक इचार. ते वगळा लिवलंय, ते पुसता येतं का? तिनं मनानं दिलं हुतं. एवढ्या बायांत ती पयली पुढं झाली. वगळू नको म्हनावं तिला."

मी म्हणालो, विचारतो. तेव्हा विचारत आहे.

तुझे
आबा


पुणे
१ ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप आबा,
सप्रेम जयभीम.

काकांना सांगा, मी मॅडमना विचारलं. पुसता येत नाही. रजिस्टरमध्ये एकदा लिहिलेलं खोडायचं नसतं, आणि आजारी पोटातल्या जीवांचा आकडा निरोगी पोटांमध्ये मिसळला तर सगळंच खोटं ठरेल. प्रबंधात आपल्या गावची एकोणीसच माणसं राहतील. त्यांना हे वाईट वाटेल. पण त्यांनी मला खरं लिहायला सांगितलं होतं.

मॅडमनी माझं ऐकून एक केलं. रक्त निघालेल्या नमुन्याचा नंबर त्याच दिवशी नावाशी ताडून पाहायचा आणि त्या माणसाला गाठायचं, असं आता आमच्याकडे ठरलं आहे. टपालाने नाही, स्वतः जाऊन.

गुरुवारी पुण्यातल्या नव्या बाटल्यांत एक निघाली. वही उघडली. बाई हडपसरच्या, वय बेचाळीस. हातातलं काम तसंच टाकून मी दुपारच्या बसने गेले. वाटेत पूर्ण वेळ मी एकच ठरवत होते, पहिलं वाक्य कोणतं बोलायचं. बांधापर्यंत जाऊन परत फिरणं म्हणजे काय, ते मला त्या गल्लीत कळलं, आबा. दोनदा घरासमोरून पुढे गेले.

मग कडी वाजवली. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. "कोण पाहिजे?" म्हणाला. मी आत गेले, त्याला आणि तिला समोर बसवलं, आणि सांगितलं.

तुमची
यशोधरा